सासऱ्याचं नाव, जावयाची पाटी

धोंड्याचा महिना होता. पलीकडच्या काकूंकडून सकाळपासून तुपात अनारसे तळल्याचा वास येत होता. दुपारी चारच्या सुमाराला कुंपणाच्या भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, आहात का?" मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून अख्खी गल्ली मला 'बाई' म्हणते. काकू आयुष्यभर एका पतपेढीत रोखपाल होत्या. आमच्या दोघींमध्ये छातीएवढी भिंत आहे आणि त्यांचा शेवगा तिच्यावरून आमच्याकडे झुकलेला आहे. शेंगा आम्ही घेतो, बातम्या त्या देतात.

"आला का जावई?" मी विचारलं.

"आले नि गेले. ३३ अनारसे, चांदीचा दिवा, पोशाख, सगळं यथासांग केलं. मग चहा पिता पिता सांगतात, मामी, कॉलनीच्या सभागृहाला बाक दिलाय, बघून या. गेले बघायला. पाटीवर जावयांचं नाव, पदवीसकट. बाई, निम्मे पैसे आमच्या ह्यांनी दिलेत! सासऱ्याचं नाव शोधून सापडत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार!"

मी हसले. आमच्या भिंतीवरून पांडवलेण्यांचा डोंगर स्वच्छ दिसतो. तिकडे बोट केलं नि म्हटलं, "काकू, तुम्हाला हवा तसा जावई त्या डोंगरावर होऊन गेला. अख्खं लेणं दिलं आणि लेखात सासऱ्याचं नाव स्वतःच्या आधी घातलं."

"कोण म्हणे?"

"उषवदात. संस्कृतात ऋषभदत्त. दिनीकाचा मुलगा, क्षहरात कुळातल्या राजा नहपान क्षत्रपाचा जावई. दहा नंबरच्या लेण्यात त्याची ओळख अशीच लिहिली आहे. आधी सासरे, मग आपण."

काकूंनी पदराला हात पुसले आणि भिंतीवर कोपरं टेकली. त्यांनी कोपरं टेकली की माझा संध्याकाळचा स्वयंपाक लांबतो.

"क्षहरात? हे कुठलं आडनाव? आपल्यात कधी ऐकलं नाही."

"आपल्यातले नव्हतेच. शक. मध्य आशियाच्या गवताळ माळरानावरचे घोडेस्वार. इराणच्या बाजूनं उतरत उतरत सिंध, गुजरातेत आले. 'क्षत्रप' हा शब्दही इराणीच, प्रांताचा कारभारी अशा अर्थाचा. या घराण्यातला आधीचा माणूस भूमक. त्याची नाणी आहेत, त्यांवर बाण, वज्र अशी चिन्हं. त्याच्यानंतर नहपान. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी भडोच, सोपारा, जुन्नर, कार्ले, आपलं नाशिक, एवढा टापू त्याच्या हाताखाली होता."

"म्हणजे परका सासरा. आणि जावयाचं नाव ऋषभदत्त?"

"आणि लेकीचं नाव दक्षमित्रा. बघा, सासरा नहपान, म्हणजे नाव इराणी वळणाचं, आणि पुढच्या पिढीत थेट आपली नावं. आले घोड्यावरून आणि रुळले गोदाकाठी. दक्षमित्रेनंही त्याच लेण्यात भिक्षूंना राहायला एक खोली दिली आहे. तिच्या नावाचा वेगळा लेख आहे."

"हे बरं केलं तिनं," काकू म्हणाल्या. "नाहीतर आमच्या जावयांच्या पाटीवर आमची लेकही नाही. बरं, जावयानं दिलं काय काय?"

मी मोजायला सुरुवात केली. ३ लाख गाई. बार्णासा नदीवर सोन्याचं दान, शिवाय नदीला घाट. देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावं. वर्षाला १ लाख ब्राह्मणांचं जेवण. प्रभासक्षेत्री ८ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, सोपारा आणि आपल्या नाशिकजवळचं गोवर्धन, इथे उतारूंना चौसोपी धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा. दमणगंगा, तापी, पार, डहाणूची नदी, अशा नद्यांवर फुकट नावा. आणि नाणंगोल गावची ३२,००० नारळाची झाडं.

"थांबा, थांबा," काकूंनी हात वर केला. "इथे ३३ अनारसे तळताना माझी कंबर गेली. ३२,००० नारळ? आणि तीन लाख गाई मोजल्या कोणी?"

"गाईंचं म्हणाल तर दानाचे आकडे फुगवायची रीत तेव्हाही होतीच. शिवाय स्वतःच्या पराक्रमाबद्दल लिहितो, सासऱ्याच्या हुकुमावरून ऐन पावसाळ्यात उत्तमभद्र नावाच्या लोकांच्या मदतीला गेलो. मालयांनी त्यांना वेढलं होतं, आणि ते म्हणे माझ्या नुसत्या आरोळीनं पळाले! तिथून पुष्करला जाऊन स्नान केलं, आणखी ३,००० गाई आणि एक गाव दिलं."

"नुसत्या आरोळीनं! आमचे जावईसुद्धा क्रिकेटच्या गोष्टी अशाच सांगतात."

"पण काकू, त्याच्या नावेचं मला फार कौतुक वाटतं. पावसाळ्यात ह्या नद्या तुंबल्या की माणूस दोन-दोन दिवस काठावर अडकत असणार. मीठवाला असो, विणकर असो, भिक्षू असो. नावाड्याला पैसे न देता पार व्हायचं, म्हणजे गरिबाला केवढी सोय! आणि दान एका पंथाला नाही. ब्राह्मणांना आहे, चरक नावाच्या ब्राह्मणी पंथाच्या परिषदांना आहे, आणि लेणं बौद्ध भिक्षूंना."

"आणि पैसा कोणाचा? सासऱ्याचाच ना?" काकूंचा मुद्दा सुटत नव्हता. "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र."

"सगळाच नाही. एक शेत त्यानं रोख पैसे मोजून विकत घेतलं. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून, ४,००० कार्षापणांना, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांना. का, तर लेण्यातल्या भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून. विकणारा कोण, किंमत किती, सगळं भिंतीवर."

आता काकूंच्या डोळ्यांत पतपेढी चमकली. "पावतीच की ही! आणखी काय लिहिलंय?"

इथे मला ठाऊक होतं की आता त्या हलणार नाहीत. सांगितलं, "लेखातल्या ४२व्या वर्षी, वैशाख महिन्यात, त्यानं ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे धंद्यातल्या लोकांचा संघ. २,००० एका श्रेणीत, शेकडा एक दर महिन्याला. १,००० दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे कापडासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण."

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले. "शेकडा एक, दोन हजारांवर महिना वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा... दोनशे चाळीस." डोळे उघडले. "बाई, दमडीचा फरक नाही!"

"नाही."

"आणि दुसरे हजार. शेकडा पाऊण म्हणजे साडेसात. वर्षाला नव्वद."

"ते भिक्षूंच्या बाकीच्या खर्चाला."

"अहो, ह्या माणसाला आमच्या पतपेढीत अध्यक्ष करायला हवं होतं!" काकू भिंतीवर थाप मारून म्हणाल्या. "बघा हं, सगळे पैसे एका ठिकाणी ठेवले नाहीत. दोन संघ, दोन दर. ज्याचा धंदा जोरात, तो एक टक्का देतो. दुसरा पाऊण देतो, पण मोडला तरी पहिला आहे. आणि मुद्दलाला हात नाही. विणकरांना भांडवल मिळालं, भिक्षूंना कापड. बहुतेक कापडही तेच विणत असतील."

"आणि पुढे ऐका. हे नुसतं तोंडी नाही. निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवलं आणि दप्तरात नोंदवलं, असं लिहिलंय. एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, ३५ कार्षापण हा सोन्याचा भावही तिथेच आहे. २,००० सुवर्णांचे ७०,००० कार्षापण."

"सत्तर हजार. बरोबर," काकूंनी ताबडतोब शिक्का मारला. एकोणीस शतकांनंतर उषवदाताच्या हिशेबाचं लेखापरीक्षण आमच्या शेवग्याखाली पार पडलं.

"सासरा काय करत होता पण? जावई गावोगाव दान करत हिंडतोय, हा कुठे?"

"सासऱ्याचं राहणीमान एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात आहे. तांबड्या समुद्रातून इकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी कोणा अनुभवी माणसानं लिहिलेली माहिती, 'पेरिप्लस' म्हणतात तिला. त्यात भडोचच्या राजाचं नाव वेड्यावाकड्या उच्चारात आहे, पण तो नहपानच, असं बहुतेक जाणकार मानतात. राजासाठी काय काय न्यावं याची यादी आहे. चांदीची भांडी, गाणारी पोरं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची दारू, तलम कपडे, भारी सुगंधी लेपनं."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "अग बाई! आणि जावई तिकडे उतारूंना फुकट नावा सोडतोय."

"आणि धंद्यात सासरा पक्का. पैठणहून भडोचला माल यायला वीस दिवस लागत, पैठणच्या पुढे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. गाड्या भरभरून कापड आणि गोमेदाचे खडे बंदरावर यायचे. कल्याणच्या बंदरात ग्रीक जहाज चुकून शिरलं, तर पहारा लावून त्याला भडोचला नेत. कल्याणवर पैठणच्या सातवाहन राजांचा डोळा होता ना."

"म्हणजे भांडण मुळात जकातीचं."

"जकातीचं आणि घाटांचं. नाणेघाट, जुन्नर, नाशिक, ज्याच्या हातात घाट त्याच्या हातात पैसा. नहपानाचा अमात्य अयम, त्याचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे, वर्ष ४६. पाण्याचं टाकं आणि मंडप दिला. तिथे नहपानाला 'महाक्षत्रप' म्हटलंय. म्हणजे बढती झाली होती. आणि पाठोपाठ सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी आला."

"आणि युद्ध झालं."

"युद्ध झालंच. पण जैनांच्या जुन्या टीकाग्रंथांत त्याची एक वेगळीच गोष्ट आहे, ती ऐका. भडोचचा राजा नहवाहन, खजिन्यानं बलवान. पैठणचा सातवाहन, सैन्यानं बलवान. सातवाहन दरवर्षी वेढा घाली आणि हात हलवत परत जाई. कारण नहवाहन आपल्या शिपायांना शत्रूच्या एकेका शिरामागे पैसे मोजायचा. शेवटी सातवाहनानं काय केलं, आपल्या मंत्र्याला खोटंखोटं हाकलून दिलं. तो मंत्री भडोचला जाऊन नहवाहनाचा विश्वासू झाला, आणि त्याच्या कानी लागला, महाराज, पुढच्या जन्मीही राज्य हवं असेल तर दानधर्म करा. देवळं बांधा, तळी खोदा, विहिरी पाडा. राजानं खजिना रिकामा केला. मग सातवाहन आला. शिपायांना द्यायला पैसा नव्हता. भडोच पडलं."

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, मला वाटतं, त्या मंत्र्यानं जावयालाच हाताशी धरलं असणार."

ही शंका कुठल्याही प्रबंधात नसेल. पण तिच्यात दम आहे. गोष्ट रचणाऱ्यांनी तळी, विहिरी, देवळं हीच नेमकी का निवडली? ह्या घराण्याच्या दानाचा डंका कानोकानी पोचला असणार, त्यातूनच ही कथा उगवली असेल.

"आणि मुद्दलाला हात लावला की असंच होतं," काकूंनी निकाल दिला. "विणकरांकडे ठेवले ते शहाणपणाचं. खजिन्यातून वाटले ते बुडाले."

"बुडाले म्हणजे कसे बघा. १९०६ साली नाशिकजवळ गोदावरीकाठी जोगलटेंभीला नाण्यांचा साठा सापडला. १३,००० च्या वर चांदीची नाणी, सगळी नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं. एका नाण्यावर तीन लिप्या. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपले छाप मारले होते. नहपानाच्या तोंडावर थेट डोंगराची खूण, पाठीमागे उज्जैनीचं चिन्ह."

"नोटाबंदीच की!"

"बंदी नाही. नोटा चालूच ठेवल्या. फक्त जुन्या राजाच्या नाकावर नवा शिक्का."

"हे जास्त झोंबणारं," काकू म्हणाल्या. "भांडी नेली तर नेली, पण आमच्या भांड्यांवर स्वतःचं नाव घातलं, तसं."

"आणि जमीनही गेली. गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम गेला की पश्चिमेकडच्या काखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजवर ऋषभदत्ताकडे होतं, ते ह्या डोंगरावरच्या भिक्षूंना द्या. हा हुकूम तीन नंबरच्या लेण्यात कोरलाय."

"सात-बाऱ्यावर नाव बदललं."

"बदललं, पण पुढची गंमत ऐका. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरा हुकूम. त्या गावात वस्ती नाही, शेत कोणी कसत नाही, तेव्हा त्याऐवजी दुसरीकडची सरकारी जमीन द्या, १०० निवर्तनं. ह्या हुकुमात राजाच्या आईचाही उल्लेख आहे."

"आईनं लक्ष घातलं म्हणून झालं असेल," काकू म्हणाल्या. "कागदावर जमीन आणि जागेवर कुसळं, हे आम्ही कर्जदारांच्या तारणात किती पाहिलंय! पण २०० च्या जागी १०० दिले हो."

"आईचं म्हणाल तर तिनंच क्षहरात घराण्याचं शेवटचं पान लिहिलं. गौतमी बलश्री. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिनं तीन नंबरचं लेणं भिक्षूंना दिलं आणि मुलाची थोरवी कोरून ठेवली. शक, यवन, पल्हवांना मारणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. आणि लेणं कसं केलं माहितेय? दहा नंबरच्या जावयाच्या लेण्यासारखंच. तसेच खांब, वर तशीच जनावरं. त्याच्या लेण्यात १६ खोल्या, हिच्या लेण्यात १८."

काकू खळखळून हसल्या. "तुमच्या सोळा तर आमच्या अठरा! बायका त्या काळीही अशाच. पण बाई, एक लक्षात आलं का? नहपानाचं नाव राखलं जावयानं, गौतमीपुत्राचं आईनं. राजे गेले लढाईला, हिशेब ठेवला घरच्यांनी."

"आणि शेवट तर खास तुमच्यासाठी आहे. क्षहरात संपले, शक संपले नाहीत. त्यांचं दुसरं घराणं आलं, चष्टनाचं. त्याचा नातू रुद्रदामन. गिरनारच्या पायथ्याशी, जुनागडच्या खडकावर इ.स. १५० च्या सुमाराचा त्याचा लेख आहे. त्यात तो म्हणतो की दक्षिणेच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून सोडून दिलं."

"कसलं नातं?"

"मुंबईच्या कान्हेरी लेण्यातल्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक घराण्यातली, म्हणजे चष्टनाच्याच कुळातली, महाक्षत्रपाची लेक. बहुतेक अभ्यासक म्हणतात की ती रुद्रदामनाची मुलगी."

"म्हणजे..." काकूंनी श्वास रोखला. "सातवाहन शकांचा जावई?"

"जावई."

"दोनदा हरवला आणि दोनदा सोडला! पोरीचं कुंकू म्हणून." त्या आत गेल्या आणि बाहेर येताना भिंतीवरची दिनदर्शिका काढूनच घेऊन आल्या. "हे बघा. 'शालिवाहन शके'. आम्ही लहानपणापासून म्हणतो, शालिवाहनानं शकांना हरवलं म्हणून शक. मग हरलेल्याचं नाव वर्षाला कसं?"

"ते वर्ष मुळात शकांचंच. जुन्या कोरीव लेखांत ते 'शक राजाचं वर्ष' म्हणून येतं. बदामीच्या लेण्यातल्या ५७८ सालच्या लेखात शकराजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षं झाली, असं स्पष्ट म्हटलंय. शालिवाहनाचं नाव त्याला कितीतरी शतकांनी चिकटलं. १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिकाही शक संवतावरच चालते."

"म्हणजे मालकी शकांची, पाटी शालिवाहनाची," काकू दिनदर्शिकेकडे बघत म्हणाल्या. "आमच्या बाकासारखं."

एवढ्यात त्यांच्या घरात फोन वाजला. जावईच होते, अनारसे छान झाले होते म्हणून सांगायला. भिंतीपलीकडून मला काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. "पाटी राहू द्या हो, नाव काढू नका. पण खाली दोन ओळी वाढवा. बाकाची किंमत किती, तुम्ही किती दिले, ह्यांनी किती दिले, आणि महिना-वर्ष. हो, शकेसुद्धा लिहा."

मला उषवदाताचा धडा इतकाच वाटतो. नहपानाचा खजिना गेला, नाण्यावरचा चेहरा ठोकला गेला, शेत गेलं, वंश गेला. ४,००० ला घेतलेल्या शेताची आणि शेकडा एक दरानं ठेवलेल्या २,००० ची नोंद मात्र राहिली. दान देणाऱ्यांनो, नाव घाला, पण नावापुढे रक्कम आणि कारणही घाला. पांडवलेण्यावर गेलात तर दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उभे राहून भिंतींवर नजर टाका. तो हिशेब अजून तिथेच आहे. आणि तिथे खिळ्यानं आपलं नाव कोरू नका.